बांधलेली नजर

“भिंत धरा, वन्सं!” मी ओरडले.

“भिंतच फिरतीय,” वन्सं डोळे गच्च मिटून म्हणाल्या. “तिला आधी कुणीतरी धरा.”

आणि त्या न्हाणीघराच्या दारात खाली बसल्या. बसल्या म्हणजे हळू टेकल्या असं नाही, पोतं टाकावं तशा बसल्या. हातातला तांब्या सुटून घरंगळत पार स्वयंपाकघरात गेला.

मी धावले. “उचलू का?”

“उचलायला मी काय गॅसची टाकी आहे?” एवढं म्हणेपर्यंत त्यांना उमासा आला, आणि सकाळचा चहा माझ्या पायावर.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शालन. आम्ही तासगावात राहायचो. ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती सकाळ मला आजही तशीच दिसते, कारण त्या बाईला मी त्याआधी कधी जमिनीवर पडलेलं बघितलंच नव्हतं. जमिनीवर काय, पलंगावर सुद्धा दुपारची आडवी झालेली नाही. कन्याशाळेत खेळाच्या बाई होत्या त्या. दोरीचा मल्लखांब शिकवायच्या. वरनं एक दोरी लोंबतेय, तिच्यावर पोरी सरसर चढतायत, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून उलट्या लटकतायत, आणि खालनं वन्संचा आवाज, “गुडघा सरळ! तोंड हसरं! रडायचं ते घरी जाऊन!” पन्नाशी उलटली तरी सव्वीस जानेवारीला स्वतः दोरीवर चढून पद्मासन घालायच्या. सगळं गाव माना वर करून बघायचं. अशी बाई सपाट फरशीवर, हातात तांब्या घेऊन पडली.

पहिले दोन-तीन दिवस त्यांनी डोळेच उघडले नाहीत. उघडले की खोली गरगर फिरायची. शेजारच्या काकी म्हणाल्या पित्त आहे, आलं-लिंबू द्या. समोरच्या म्हणाल्या दृष्ट लागलीय, एवढं उलटं लटकून दाखवायचं म्हणजे काय. मी आलं-लिंबूही दिलं आणि मीठ-मोहऱ्याही ओवाळल्या. गुण कुठल्या दारानं येईल सांगता येत नाही, आपण दारं उघडी ठेवावीत.

मग त्या उठल्या. “बरी झाले मी,” असं जाहीर केलं. पण मी बघत होते ना. पलंगावरून कपाटाला हात, कपाटावरून दाराला, दारावरून भिंतीला. मान वळवत नव्हत्या. कुणी हाक मारली की अख्ख्या वळायच्या, दार उघडावं तशा. आणि वळून झालं की क्षणभर थांबायच्या, जग जागेवर येईपर्यंत. शाळेत निरोप धाडला होता, सर्दी झालीय म्हणून. खेळाच्या बाईंना सर्दी चालते, चक्कर चालत नाही.

एका संध्याकाळी मी घेवडा निवडत बसले होते. त्या आल्या, माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि घेवडा ओढून घेतला.

“रंजे, एक सांगते. दिनूला सांगू नको.”

दिनू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझा नवरा. त्याला सांगू नको म्हटलं की गोष्ट मोठी असते हे मला तोवर कळलं होतं.

“आईचं असंच सुरू झालं होतं,” वन्सं म्हणाल्या. “अशीच चक्कर. अशीच उलटी. मग दुसऱ्यांदा आली तेव्हा अंगावरनं वारं गेलं.”

माझ्या सासूबाई लकव्यानं आतल्या खोलीत कित्येक वर्षं पडून होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं शेवटचं वर्ष चाललं होतं. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं वन्संनी केलं होतं. वन्संचं लग्न का झालं नाही ह्याच्या गावात चार गोष्टी सांगतात, त्यातल्या तीन गोष्टींत कुणीतरी पुरुष आहे. खरी चौथी. आतली खोली.

“तसं झालं,” त्या घेवड्याच्या शिरा काढत म्हणाल्या, “तर मला ह्या घरात ठेवायचं नाही.”

“मग कुठं ठेवू? माळ्यावर?”

“चेष्टा नको.”

“तुम्ही आईंचं केलंत, ते तुमचं माझ्या हातनं होणार नाही, असं वाटतं तुम्हाला?”

“होईल,” वन्सं म्हणाल्या. “तू करशील. म्हणून तर नको म्हणतेय. माझं सगळं आयुष्य त्या खाटेच्या पायाला बांधलं गेलं. तुझं माझ्या खाटेला नको.”

घेवडा निवडून झाला होता. तरी आम्ही दोघी बराच वेळ त्यातच हात घालून बसलो.

गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, आणि म्हणाले मिरजेला जा. तिथं कान-नाक-घशाच्या मगदूम बाई आहेत. त्या डोळ्यांच्या हालचाली तपासून सांगतात की तोल कानामुळे गेलाय का मेंदूमुळे.

“चक्कर डोक्यात, दोष कानात, आणि बघायचे डोळे!” वन्सं घरी येऊन म्हणाल्या. “उद्या दात दुखला तर टाच दाखवा म्हणतील.”

पण त्या रात्री जेवल्या नाहीत. कारण संध्याकाळी शेजारचे बापूसाहेब येऊन बसले होते. बापूसाहेबांनी सगळी हयात एसटी चालवली होती आणि जगातल्या प्रत्येक आजाराचा एकेक ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. ते म्हणाले, “डोळ्यांची तपासणी? मग अवघड आहे. आमच्यातल्या एकाचे डोळे नाचायला लागले. डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाला, मेंदूत आहे. गेला बिचारा बसल्या जागी. डोळे नाचले की संपलं, शालनताई.” एवढा दिलासा देऊन, दुसरा चहा पिऊन ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून वन्संच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं. मला वाटलं, झोपतात. मिरजेला जायच्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर दार लोटलेलं होतं. आत वन्सं खाटेवर बसून मान डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे हलवत होत्या, आणि मग एकदम थांबून समोरच्या भिंतीकडं टक लावत होत्या. भिंतीवर माझ्या पाकिटातली लाल टिकली चिकटवलेली.

“ही कसली पूजा?”

“सराव,” वन्सं नजर न हलवता म्हणाल्या.

मला टिकलीचा प्रकार माहीत होता. मैदानावरच्या शेडच्या भिंतीवर अशीच एक टिकली असायची. पोरीनं दोरीवर गिरकी घेतली, की जमिनीवर येताना पहिल्यांदा नजर त्या टिकलीवर. “नजर बांध, अंग आपोआप मागनं येतं,” हे वन्संचं म्हणणं पोरींना परवच्यासारखं पाठ होतं.

“डॉक्टरीणबाई डोळे हलतात का ते बघणार ना?” त्या म्हणाल्या. “बघू दे. हलले तर बघेल.”

“वन्सं, तपासणी आहे ती. जिल्हास्पर्धा नाही.”

“तपासणीत पण पास-नापास असतंच.”

“पण असं पास होऊन उपयोग काय?”

“तू चहा दे,” वन्सं म्हणाल्या. “आणि टिकल्यांचं पाकीट बरोबर घे.”

मिरजेपर्यंत त्या एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पट्टीवरचा एक स्क्रू धरून बसल्या होत्या. हातानं नव्हे, नजरेनं. मी दोनदा बोलायला गेले, दोन्ही वेळा नुसतं “हं” आलं.

मगदूम बाई ठेंगण्या, चटपटीत, चाळिशीच्या. कपाळावर बारीक काळी टिकली. ती टिकली वन्संनी बघितली, आणि वन्संनी ती बघितली हे मी बघितलं. आता भलतंच काहीतरी होणार, असं मला वाटलं.

“माझ्या बोटाकडे बघा. डोकं हलवायचं नाही, नुसते डोळे.” बोट इकडं गेलं, तिकडं गेलं. “आता एकदा बोट, एकदा माझं नाक. पटपट. छान. आता समोर बघत राहा.”

वन्संनी समोर बघितलं. म्हणजे बाईंच्या टिकलीवर नजर बांधली. डोळे असे स्थिर, जसे देवळातल्या देवीचे. बाईंनी वाकून बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, “काही दिसत नाही.”

वन्संनी माझ्याकडं बघितलं. पहिला नंबर आल्यावर पोरी बघतात तसं.

मग बाईंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “मान सैल सोडा. माझ्या नाकाकडेच बघा.” आणि मान एकदम, पण अगदी थोडी, उजवीकडं वळवली. डोळे नाकावरच राहिले. मग तशीच डावीकडं. ह्या वेळी डोळे मानेबरोबर घसरले आणि उडी मारून परत नाकावर आले. बाईंनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा घसरले. वन्संचा चेहरा उतरला. मानेच्या झटक्याचा सराव आम्ही केला नव्हता.

“आता हा चष्मा,” बाई म्हणाल्या.

पाणबुडे लावतात तसला मोठा काळा चष्मा होता. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातही डोळे टिपणारा कॅमेरा. तो वन्संच्या डोळ्यांवर बसला आणि टेबलावरच्या पडद्यावर वन्संचे डोळे उमटले, ताटलीएवढाले. त्याच डोळ्यांनी मला लग्नाच्या मांडवात नखशिखांत जोखलं होतं. ते आता एकटेच पडद्यावर, आणि त्यांना कळत नव्हतं की आपल्याला कुणी बघतंय.

ते डोळे हळूहळू डावीकडं वाहत होते, आणि झटका देऊन उजवीकडं परत येत होते. पुन्हा वाहत, पुन्हा झटका. उतारावर सुटलेली ढकलगाडी कुणीतरी सारखी मागं ओढावी तसं. थांबतच नव्हते.

मला बापूसाहेबांचा ड्रायव्हर आठवला. आतली खोली आठवली.

“रंजे,” चष्म्यातनं वन्संचा आवाज आला, “काय दिसतंय?”

“डोळे.”

“स्थिर आहेत ना?”

मगदूम बाई कसली तरी बटणं दाबत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. हो म्हणणं किती सोपं होतं. पण जिनं माझ्याशी गोड बोलण्याचा आळ कधी स्वतःवर येऊ दिला नाही, तिच्याशी मी तरी खोटं गोड कशाला बोलू?

“नाहीत, वन्सं,” मी म्हणाले. “नाचतायत.”

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “इथं काहीच दिसत नाही गं,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. “कशाकडं बघू मी? बघायला काही नाही इथं.”

“देते,” मगदूम बाई म्हणाल्या. “आत एक बारीक दिवा लावते. त्याच्याकडे बघा.”

पडद्यावर वन्संच्या दोन्ही बुबुळांत एकेक ठिपका चमकला. आणि डोळे थांबले. एकदम. दोरीवरून उतरलेली पोर दोन्ही पायांवर येऊन उभी राहावी, तसे.

“अरे वा!” बाई म्हणाल्या. त्यांनी दिवा विझवला. डोळे पळाले. लावला. थांबले. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसं त्यांनी आणखी एकदा करून बघितलं, आणि मग चष्मा काढला.

वन्संचे डोळे उजेडानं मिचमिचे झाले होते. ओले होते का ते मी नक्की सांगणार नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि ताठ बसल्या.

“बाई, मी लबाडी केलीय.”

“काय केलंत?”

“उजेडात तुम्हाला जे दिसलं ते खरं नव्हे. मी तुमच्या टिकलीवर नजर बांधली होती. घरी भिंतीवर टिकली लावून शिकले. शाळेत दोरीच्या मल्लखांबाला पोरींना शिकवते तेच. आताही दिव्यावर बांधली. खरं ते अंधारातलं. तेव्हा मला गोल गोल सांगू नका. माझ्या आईला लकवा झाला होता, तोच आहे ना? सांगून टाका, म्हणजे माझी सोय मला लावता येईल.”

मगदूम बाई आधी माझ्याकडं बघत राहिल्या, मग वन्संकडं, आणि मग हसायला लागल्या. चांगल्या खळखळून. वन्संचं तोंड लाल झालं.

“शालनताई, रागावू नका,” बाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या. “तुम्हाला वाटलं मी डोळे हलतात का ते बघतेय. ते तर हलणारच, तोल गेलाय म्हटल्यावर. मी बघत होते, तुम्ही थांब म्हटलं की ते थांबतात का. डोळ्यांना थांब म्हणणारा मेंदू असतो. तो बिघडला असता ना, तर तुम्ही टिकली लावा नाहीतर बत्ती लावा, डोळे सहसा असे ऐकत नाहीत. तुमचे एका दमात ऐकतात. म्हणजे हुकूम सोडणारा वर शाबूत आहे.”

“मग बिघडलंय कुठं?”

“डाव्या कानात. तोलाची एक नस असते आत, ती सुजून झोपलीय. उजवी एकटीच बडबडतेय, म्हणून डोक्याला वाटतं आपण फिरतोय. मी मान डावीकडे वळवली तेव्हा डोळे घसरले, ते त्यामुळेच. बाकी बोट, नाक, बोलणं, हात-पाय, सगळं मी बघितलं, सगळं ठीक आहे. हा लकवा नव्हे. बोबडी वळली, एकाचे दोन दिसायला लागले, हात-पाय लुळे वाटले, तर मात्र धावत यायचं. पण आज मला तसलं काही दिसत नाही.”

वन्संनी तो काळा चष्मा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

“म्हणजे,” शेवटी त्या म्हणाल्या, “मी ज्याची लबाडी केली…”

“तीच तपासणी होती. तुम्ही नसती केली तरी मी करून घेणारच होते.”

“मग एवढी घोकंपट्टी फुकट गेली म्हणायची,” वन्सं म्हणाल्या, आणि मला एकदम रडू फुटलं. नको तेव्हा रडायची मला सवयच आहे.

“हिला काय झालं?” बाई.

“तिला रडायला लागतं अधूनमधून,” वन्सं म्हणाल्या. “आईचंही असंच असेल का हो, बाई? कानाचं?”

“त्यांचे डोळे कुणी बघितले होते?”

“कोण बघणार तेव्हा.”

“मग त्यांचं मला सांगता येणार नाही,” मगदूम बाई हळू म्हणाल्या. “तुमचं सांगते. तुम्ही दोरीखाली सोमवारपासून उभ्या राहा. दमलात तर खुर्चीवर बसा.”

“खुर्ची!” कुणी शिवी दिल्यासारखं वन्सं म्हणाल्या.

“खुर्ची. आणि औषध म्हणाल तर चालणं. चालता चालता मान डावीकडे, मान उजवीकडे. चक्कर येईल, येऊ दे. मेंदूला आता एका नसेवर संसार करायचाय, तो त्याला शिकवावा लागेल. भिंत धरत बसलात तर तो शिकणार नाही. भिंती सोडायच्या. फक्त सुरुवातीला बाजूला कुणीतरी हवं.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. वन्संनी छताकडं.

मिरजेच्या स्टँडवर तासगावच्या गाडीला अवकाश होता. वन्सं बाकावर टेकल्या आणि लगेच उठल्या. “बसून काय करायचं?” पिशवी माझ्या हातात देऊन त्या फलाटाच्या कडेकडेनं निघाल्या. चार पावलं टाकली, मान डावीकडं. चार पावलं, उजवीकडं. भर दुपारी, सगळ्या स्टँडच्या देखत. चालणं असं, जसं पहिल्यांदाच नावेत पाय ठेवलाय.

“मावशी, काय हरवलं का?” शेंगावाल्यानं विचारलं.

“तोल,” वन्सं म्हणाल्या. “दिसला तर सांगा.”

मी धावत जाऊन त्यांचा दंड पकडला.

“सोड.”

“पडाल.”

“सोड म्हणते ना. असं घोरपडीगत धरायचं नसतं. पोरींना मी असं धरलं असतं तर एक तरी चढली असती का दोरीवर?”

“मग कसं धरू?”

त्या थांबल्या. माझ्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली. माझा उजवा हात घेऊन स्वतःच्या पाठीमागं नेला, डावा पोटासमोर. दोन्ही तळवे उघडे केले. अंगाला लागत नव्हते, पण अंगाची ऊब लागत होती.

“असं. हात लावायचा नाही. हात काढायचाही नाही. मी चालेन तशी तू चालायचं.”

“आणि पडलातच तर?”

वन्संनी पदर कमरेला खोचला. आमच्या शेजारनं एक गाडी धूर सोडत निघून गेली.

“तर धरायचं,” त्या म्हणाल्या. “त्यासाठीच तर हात आहेत.”

आम्ही निघालो. मी एक पाय पुढं, एक पाय आडवा, खेकड्यासारखी. पिशवी शेंगावाल्यानं आपणहून उचलून त्याच्या हातगाडीवर ठेवली. मान डावीकडं. मान उजवीकडं. पुन्हा डावीकडं, आणि तिथं वन्सं गेल्याच. सगळं अंग डाव्या बाजूला कललं. माझे हात सुटले, आणि त्यांच्या कमरेपासून बोटभर अंतरावर मी ते कसे थांबवले मला माहीत नाही. वन्संनी एक पाऊल आडवं टाकलं, अजून अर्धं टाकलं, आणि त्या उभ्या राहिल्या. आपल्या आपण.

“लावलास हात?”

“नाही.”

“शाब्बास.”

हा शब्द तोवर मी त्यांच्या तोंडून फक्त मैदानावर ऐकला होता, दुसऱ्यांच्या पोरींसाठी. मी काही बोलणार, तेवढ्यात तासगावची गाडी फलाटाला लागली, माणसं दाराशी गोळा झाली आणि मी पिशवीकडं धावले.

“कुठं चाललीस?” वन्सं मागनं ओरडल्या. “जाऊ दे ती. पुढच्या गाडीनं जाऊ. ये इकडं, हात धर असे, अजून एक फेरी राहिलीय.”